तेहेतीस टक्के

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि रायगडच्या वाड्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बागा, आडव्या करून गेलं. मी तेव्हा मुरूड तालुक्यात कृषी सहायक होतो. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, तोंडाला मास्क. तलाठी, ग्रामसेवक आणि मी, तिघं रोज वाड्यावाड्यांतून पंचनामे करत फिरायचो. शासनाने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली होती, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या किनाऱ्यावर वाडी गुंठ्यांत मोजतात, आणि गुंठ्याला पडतात साधारण पाचशे रुपये. त्यालाही अट होती : नुकसान निदान ३३ टक्के हवं. बत्तीस भरलं तर हातात काही नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही कोर्लईकडच्या एका मावशींच्या वाडीत पोचलो. चौदा गुंठे, सातबारा दिवंगत नवऱ्याच्या नावावर, पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, १६२. वाट कुठे उरली नव्हती. आडव्या झालेल्या खोडांवरून पाय टाकत जायचं, खाली चिखल, वर कुजायला लागलेल्या झावळ्यांचा वास. त्यात मिरवेली पोफळींना घट्ट धरून त्यांच्यासकट खाली आलेल्या. मावशी माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून एकदम खुलल्या. "वसईचा ना तू? आपल्यातलाच." मग सुनेला त्यांच्या क्रिस्तीत, म्हणजे कोर्लईच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या. मला त्यातलं अवाक्षर कळलं नाही, पण कोरा चहा आला. साखर जरा जास्तच होती.

मोजणीची आमची रीत साधी. तलाठीभाऊ तंबाखूच्या चुन्याची डबी बाळगून होते. मोजलेल्या झाडाला चुन्याचं बोट लावायचं, म्हणजे तेच झाड दोनदा मोजलं जात नाही. उन्मळलेल्या आणि मधून मोडलेल्या पोफळी भरल्या ३८. भाऊंनी आकडा सांगितला आणि मावशींचा चेहरा पडला. हिशेब त्यांनाही येत होता.

मी म्हटलं, थांबा, उभ्या झाडांचे शेंडे बघू. पोफळीला फांद्या नसतात. वरचा एकच कोंब, तोच तिचा जीव. वाऱ्याने शेंडा पिळवटून मोडला की झाड दिसायला उभं असतं, पण मेलेलं असतं. काही आठवड्यांनी शेंडा गळून पडतो आणि नुसता खांब राहतो. घाईच्या पंचनाम्यात ही झाडं 'उभी' म्हणून सुटतात. मान वर करून, पावसाचं पाणी डोळ्यांत घेत एकेक शेंडा पाहिला. असे ११ निघाले. एकूण ४९.

अटीत बसायला ५४ हवी होती.

आम्ही परत फिरून मोजलं. ४९ च. ग्रामसेवक हळूच म्हणाला, "पाच झाडांचा तर प्रश्न आहे, टाक ना चोपन्न. कोण येतंय शेंडे मोजायला?" खरंच कोणी येणार नव्हतं. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या गळ्यात तोच क्रूस, माझ्याही गळ्यात. सगळी भानगड सात हजार रुपयांची होती.

पंचनाम्याच्या शेवटी एक ठरीव वाक्य असतं : समक्ष पाहणी करून वस्तुस्थितीप्रमाणे लिहिलं, म्हणून. त्याखाली पंचांच्या सह्या, मग आमच्या. आम्ही कॅथलिक लोक देवाच्या दहा आज्ञा ज्या क्रमाने मोजतो त्यात 'खोटी साक्ष देऊ नको' ही आठवी. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ती घोकताना मला वाटायचं, कोर्टात कधी उभं राहिलो तर उपयोगी पडेल. ती इथे, चिखलात, पायाला जळवा लागलेल्या असताना समोर येईल असं वाटलं नव्हतं.

मी ४९ लिहून सही केली. मावशींनी अंगठा नाही, सहीच केली, नीट वळणदार.

इथवरचं तसं सोपं म्हणायचं. अवघड दुपारी झालं.

दुसरी वाडी मुंबईत राहणाऱ्या एका मालदार माणसाची. एक हेक्टर साठ आर, मधोमध टुमदार बंगला, राखणीला माणूस. मालक गाडी घेऊन आले होते, आणि "शंभर टक्के लिहा" म्हणूनच त्यांनी सुरुवात केली. तसं काही नव्हतं. पडलेली झाडं मोजली तेव्हा एकोणतीस टक्क्यांच्या आसपास आलं. तलाठीभाऊंनी मला बाजूला घेतलं. सकाळचं त्यांच्याही मनातून गेलेलं नव्हतं. म्हणाले, "इथे वर बघायचं नाही हं. एकोणतीसवर मिटव." भाऊ माणूस चांगला. लाच घेणाऱ्यांतला नाही, उलट गरिबाची बाजू घेऊन भांडणारा. ते सांगत होते ते लबाडीपोटी नव्हतं, चीड आली म्हणून होतं. मला ते मनापासून पटलं, हेही सांगून टाकतो.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एक वचन आहे. न्याय करताना गरीब म्हणून गरिबाची बाजू घेऊ नये, आणि मोठा म्हणून मोठ्याची भीड धरू नये. पहिला अर्धा भाग मला नेहमी टोचतो. प्रवचनात दुसरा अर्धाच जास्त ऐकू येतो, कारण तो ऐकायला गोड आहे. पण याच अध्यायात जरा वर असंही आहे की शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, पडलेली कणसं, गळालेली द्राक्षं गरिबाला आणि परक्याला सोडा. आणि तीन वचनं खाली, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही येशूने पुढे उचललेली आज्ञा. मला त्याचा अर्थ असा लागतो : दया करायची ती आपल्या शेतातून. मोजायला बसलेल्याने मापातून दया करायची नाही. मुकादमाने मालकाच्या खळ्यातून दानधर्म करण्यातलाच तो प्रकार.

लूकच्या शुभवर्तमानात १६ व्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यातला कारभारी मात्र इथे आडवा येतो. धन्याच्या कर्जदारांना तेलाच्या शंभरचे पन्नास, गव्हाच्या शंभरचे ऐंशी असे आकडे बदलून देणारा, आणि तरी धन्याने शाबासकी दिलेला. आमच्या फादरांनी त्यावर दर वेळी वेगळं काही सांगितलंय आणि माझं एकदाही पूर्ण समाधान झालेलं नाही. त्या दुपारी तोही आठवला. पण तो नोकरी जाणार म्हणून स्वतःची सोय बघत होता. त्याच्या आडून लपायची मला लाज वाटली.

मी वर बघितलं. भाऊ मागे उभे राहून चुन्याची डबी उघडझाप करत होते. शेंडा मोडलेल्या पोफळी धरून आकडा छत्तीस टक्क्यांवर गेला. म्हणजे त्या गृहस्थांना ऐंशी हजारांच्या घरात मदत. शंभर टक्के लिहिले नाहीत म्हणून ते माझ्यावर रागावलेच. वरिष्ठांकडे बघून घेण्याची भाषा झाली. भाऊंनी सही केली, परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. नाक्यावर उतरताना मात्र म्हणाले, "तुझा देव फार कडक आहे रे." मी म्हटलं, मापाला कडक आहे. ते म्हणाले, "मग मावशीला काय सांगू?"

त्या रात्री झोप लागली नाही. चर्च बंद, वीज नाही, त्यामुळे मोबाईलवर मिस्साही नाही. मेणबत्तीत एकट्याने रोझरी म्हटली आणि निम्म्यात गाडी घसरली, पुन्हा सात हजारांवरच आली. दोन दिवसांनी पगारातले तीन हजार पाकिटात घालून मावशींकडे गेलो. घराची कौलं उडाली होती, तिथे ताडपत्री बांधायचं काम चालू होतं. त्यांनी पाकीट उघडून पाहिलं आणि माझ्या खिशात परत खुपसलं.

"सरकारचे मागितले होते, तुझे नाही."

मी गप्प. त्यांनी मला ताडपत्रीचं एक टोक धरायला लावलं. गाठ मारता मारता विचारलं, "श्रीवर्धनच्या सुपारी केंद्राची रोपं कधी मिळतील ते सांग." मी सांगितलं, रोपांना मागणी प्रचंड आहे, वेळ लागेल. लावल्यावरही धरायला पाच-सहा वर्षं. "ते मला शिकवू नकोस," त्या म्हणाल्या. "नाव लिही."

मी वही काढली. यादीत त्यांच्या आधी बरीच नावं होती. त्यांचं सगळ्यात खाली लिहिलं आणि कितवं आलं ते सांगितलं. त्यांनी वहीत वाकून खात्री करून घेतली.