तुम्ही विचारलंत म्हणून: भट्टी किती डिग्रीपर्यंत जाते?

घरी कोणी आलं की टेरेसवरची भट्टी दाखवावी लागते आणि दाखवली की प्रश्न ठरलेला, "किती डिग्रीपर्यंत जाते हो?" जाते, 1100 पर्यंत जाते. पण मातीची भांडी मी 1000 ला भाजते, बाटल्यांची काच तर 800 च्या आसपासच पाघळते, वर माझं काही कामच नाही. आणि खरं सांगू का, वर नेणं सोपंय, मोठी शेगडीच ती. खाली कशी आणता ते विचारा ना कोणीतरी!

बांधणी पटकन सांगते. हलक्या इन्सुलेशनच्या विटा, हॅकसॉनं कापता येतात (मास्क लावूनच कापा, ती धूळ वाईट), त्यात खाचा पाडून कांथल तारेची (वीज सोडली की लालबुंद तापणारी तार) कॉइल बसवलीये. 16 गेजची साधारण 25 मीटर तार, म्हणजे साडेसतरा ओहम, 230 व्होल्टला 13 अँपिअर, 3 किलोवॉट. तार एकदा तापली की ठिसूळ होते, नंतर गार असताना वाकवायला गेलात की कटकन तुटते, त्यामुळे काय आकार द्यायचा तो आधीच. झाकण उघडलं की लाइन तुटेल असा स्विच आहे कारण कॉइल उघडी असते, हात लागला तर संपलंच. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 200 वर येतं, तेवढ्यानं पॉवर पाऊणच उरते आणि भट्टी 900 च्या पुढे नुसती रेंगाळते, म्हणून माती मी पहाटे लावते. गुरुवारी लावतच नाही. उपास नाही हो, पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सला लाइट घालवतात!

आता उतरणं. काच बाहेरून आधी गार होते, आत गरमच असते आणि तो ताण तसाच आत अडकून बसतो. म्हणून 540 ला आणून अर्धा तास धरायची, मग तासाला 60 डिग्री अशी 370 पर्यंत, त्यानंतर बंद करायचं आणि झाकणाला हात लावायचा नाही. पहिली ताटली मी धीर न धरता 200 ला काढली, दिसायला झकास, सगळ्यांना दाखवून झाली. तीन दिवसांनी ओट्यावर नुसती ठेवलेली असताना टिक्क आवाज आला आणि मधोमध दोन तुकडे. दोन वेगळ्या बाटल्या एकत्र वितळवल्या तरी बऱ्याचदा हेच होतं, दोघींचं आकसणं जुळत नाही. मातीचंही तसंच, उतरताना 573 ला तिच्यातलं क्वार्ट्झ एकदम आकसतं, तेव्हा डोकावून बघायला गेलात की भांड्याला तडा. कुंभार आवा राखेमातीखाली झाकून निवांत निवू देतात ते काय उगाच?

हे सगळं कंट्रोलर करतो, थर्मोकपल (आतलं तापमान मोजणारी कांडी) बघून एसएसआरला (सॉलिड स्टेट रिले, कॉइलची लाइन चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू-बंद सांगतो, आणि मी त्याच्यावर इतका विश्वास टाकला की एकदा रात्री 780 लावून खाली जेवायला गेले. वर आले तर 846. कंट्रोलरचा आउटचा दिवा विझलेला, म्हणजे तो बंद सांगतोय, आणि आकडा 847, 848. मी बावळटासारखी बघत बसले, मग डोक्यात शिरलं आणि एमसीबी पाडला. एसएसआर जळतो तेव्हा बरेचदा चालू अवस्थेतच चिकटतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं (दुकानदारानं तर नाहीच). आता मध्ये एक कॉन्टॅक्टर (मोठा चुंबकी स्विच) आहे, वेगळ्या थर्मोकपलवर, ठरलेल्या आकड्यापुढे गेलं की अख्खी लाइनच तोडतो.

त्या रात्रीची बाटली भट्टीतल्या शेल्फवर पसरून अशी चिकटलीये की दोन्ही एकच झालेत. तुळशीच्या कुंडीखाली ठेवलंय ते.