मागून टेम्पो लागला: क्लेम करायचा की बाहेरच मिटवायचं? माझा अनुभव

नाशिकला आडगाव नाक्याच्या सिग्नलला उभा होतो, मागून एक छोटा टेम्पो हळूच येऊन लागला. हळूच म्हणजे आतल्या माणसाला नुसता धक्का, पण गाडीचा मागचा बंपर डाव्या कोपऱ्यात फाटला आणि डिकीला खालच्या बाजूला चांगला वाटीएवढा डेंट. टेम्पो पिंपळगावला टोमॅटो टाकून रिकामे कॅरेट घेऊन परत चालला होता. ड्रायव्हर विशीतला पोरगा, उतरल्या उतरल्या हात जोडूनच आला, "साहेब ब्रेक लागलाच नाही." मधे कुणी टू-व्हीलरवाला नव्हता हे नशीब. कुणाला लागलं असतं तर पुढचं काहीच लिहायची वेळ आली नसती, कारण माणसाला इजा झाली की पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे हे आपसातलं मिटवणं वगैरे चालत नाही आणि चालवूही नये.

गाडी बाजूला घ्यायच्या आधी फोटो काढले, दोन्ही नंबर प्लेट एका फोटोत येतील असे, मग ड्रायव्हरचं लायसन्स, मग टेम्पोचा पुढचा भाग. मागे हॉर्नचा गोंगाट चालू होता पण ते अर्धं मिनिट काढाच. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टेम्पोचा नंबर टाकला. हे फार कमी लोक करतात, मला कळत नाही का. गाडीचा विमा कधीपर्यंत आहे ते तिथे दिसतं, आणि या टेम्पोचा मागच्याच महिन्यात संपलेला.

तोवर पोराने मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला. शेठ म्हणाला, "दादा, गरीब पोरगं आहे, तीन हजार देतो, जाऊ द्या." मी म्हटलं शेठ, पोराचा विषयच नाही, गाडी तुमची आहे आणि तिचा विमा संपलाय. पलीकडे दोन सेकंद शांतता. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्यांदा २,००० दंड आहे किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण खरी भीती ती नव्हे, रस्त्यावर कुणी गेलं-बिलं तर लाखांची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहिती असणार. मी त्याला घाबरवलं नाही, एवढंच म्हटलं की आज आकडा ठरवणार नाही, गाडी गॅरेजला दाखवतो, एस्टिमेट तुम्हाला पाठवतो, मग बोलू. त्याचं नाव, नंबर, आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागून घेतला आणि तो आल्यावरच पोराला सोडलं.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस. बायको म्हणाली, "दरवर्षी प्रीमियम भरतो तो कशाला मग, क्लेम कर ना." ऑफिसातला एक जण तर म्हणे शेठकडून कॅश पण घे आणि क्लेम पण कर, कुणाला कळतंय. असं करू नका. एकाच नुकसानीचे दोनदा पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे, आणि विमा कंपनीने आपल्याला पैसे दिले की ते समोरच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो, ती टेम्पोवाल्याकडे गेली आणि तो म्हणाला मी तर पैसे देऊन बसलोय, मग बसा उत्तरं देत.

आमचा एजंट माझ्याबरोबर शाळेत होता, त्यामुळे तो खरं बोलतो. त्याचं पहिलं म्हणणं, कंपनीला कळवून ठेव, कारण पॉलिसीत लगेच कळवा असंच लिहिलेलं असतं आणि उशीर झाला की तेच कारण पुढे करतात. नुसतं कळवल्याने नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल रिन्यूअलला प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जात नाही, क्लेम पास होऊन पैसे गेले तरच जातो, मागे घेतला तर राहतो. मी कस्टमर केअरला तेच परत विचारलं आणि ईमेलवर लेखी मागून घेतलं. फोनवरचं गोड बोलणं रिन्यूअलच्या वेळी कुणाला आठवत नसतं.

मग गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपला गेलो. तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर बंपर बघायच्या आधी विचारतो, "इन्शुरन्समध्ये करायचं ना सर?" हो म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो. एस्टिमेट आलं जीएसटी धरून १५,३०० चं. नवीन बंपर ४,८००, क्लिपा आणि ब्रॅकेट ५००, बंपरचं पेंटिंग ३,६००, डिकीचं डेंटिंग १,८०० आणि पेंटिंग ३,६००, फिटिंग १,०००. वर त्याने हळूच सुचवलं की डाव्या दारावर जुना ओरखडा आहे तो पण याच क्लेममध्ये टाकून देऊ. तो ओरखडा सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाचा, मागून बसलेल्या धक्क्याचा आणि त्याचा काय संबंध? विमा कंपनीच्या सर्व्हेअरला ते लगेच दिसतं, मग तो त्याला वेगळी घटना धरतो, म्हणजे वेगळा क्लेम, वेगळं डिडक्टिबल (दर क्लेमला आपण भरायची ठरावीक रक्कम) आणि आपल्यावर संशय तो फुकट. नको म्हटलं.

आता गणित. लोक इथेच गडबडतात, ते बघतात की फाइल चार्ज म्हणजे डिडक्टिबल हजार रुपये (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,०००, वरच्याला २,०००) आणि बाकी सगळं कंपनी देणार. असं नसतं. माझी गाडी चार वर्षांची, झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, मी मागच्या रिन्यूअलला घेतलं नव्हतं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर ५० टक्के घसारा, म्हणजे पार्ट जुना झाल्याची घट, कापतात, गाडी कितीही नवी असो. लोखंडी पार्टचं वयाप्रमाणे वाढत जातं, काचेला काही नाही. पेंटिंगच्या एकत्र बिलात २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मं कापतात. म्हणजे माझ्याकडून बंपरचे २,४००, क्लिपा-ब्रॅकेटचे २५०, पेंटिंगचे ९००, डिडक्टिबल १,०००, असे ४,५५० जाणार. कंपनी देणार १०,७५०.

बायको म्हणाली बघ, दहा हजार वाचले. थांब म्हटलं, अजून दुसरी बाजू राहिलीये.

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस एका वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ५०, त्याच्या वर जात नाही. हा फक्त ओन डॅमेज (ओडी), म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यावर नाही (माझ्या सीसीला थर्ड पार्टीचे ३,४१६ आहेत, ते क्लेम करा न करा तेवढेच). मी ४५ वर होतो, येत्या रिन्यूअलला ५० लागणार होता. क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि तेव्हा कुठे परत ५०. न केल्यास दरवर्षी ५०. फरक काढा: ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. म्हणजे वरच्या पायरीवर असलेल्या माणसाला एक क्लेम त्याच्या बोनस वजा करायच्या आधीच्या ओडी प्रीमियमच्या सव्वापट पडतो, फक्त तो पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने जातो म्हणून दिसत नाही. माझा ओडी प्रीमियम साधारण ८,०००, सव्वापट १०,०००, वर १८ टक्के जीएसटी, झाले ११,८००. दरवर्षी आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, उतरते तसा ओडीही थोडा उतरतो म्हणून खरा आकडा जरा कमी येईल, पण कंपनीकडून मिळणार १०,७५० आणि घालवणार जवळपास तेवढेच. वर ते ४,५५० खिशातून वेगळे.

हेच गणित सगळ्यांना लागू नाही हं. ज्याचा बोनस आत्ता कुठे २० टक्के आहे त्याचा तोटा सव्वापट नाही, ८० टक्क्यांच्या आसपास येतो. झीरो डेप असेल तर घसाऱ्याचे पैसे वाचतात. एनसीबी प्रोटेक्ट घेतलेलं असेल तर ठरावीक क्लेमपर्यंत बोनस तसाच राहतो, मग बिनधास्त करा. आणि नुकसान पुढच्या बाजूचं असेल, हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर, तिथे बिल चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे सहज जातं, तिथे हा हिशोब मांडायचीच गरज नाही. माझ्या मेहुण्याने मात्र आरसा आणि एका दाराच्या पेंटसाठी क्लेम केला, हातात तीन हजारांच्या आसपास आले आणि ४५ टक्के बोनस गेला. वर रिन्यूअलला कंपनी बदलताना ऑनलाइन फॉर्ममध्ये "मागच्या वर्षी क्लेम नाही" यावर टिक केली. नवीन कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, ती खोटी माहिती निघाली की पुढचा मोठा क्लेम अडकतो. त्याला ते फरकाचे पैसे भरून दुरुस्त करून घ्यायला लावलं.

तिसरा मार्ग थर्ड पार्टीचा, म्हणजे टेम्पोच्या विम्यातून वसूल करणं. एक तर इथे विमाच नव्हता. असता तरी पोलिसांची नोंद, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, वकील, तारखा. पंधरा हजारांसाठी तिकडे कुणी जात नाही, म्हणून आपल्याकडे चूक कुणाची का असेना, माणूस आपल्याच पॉलिसीवर क्लेम करतो आणि आपलाच बोनस घालवतो. मला हे अजिबात पटत नाही पण आहे ते असं आहे.

मग नाशिकच्याच द्वारका भागातले आमचे डेंटिंग-पेंटिंगवाले चाचा. त्यांनी बंपरवर टकटक केली, डिकी उघडून बंद करून बघितली, म्हणाले बंपर बदलायची गरज नाही, प्लास्टिक वेल्डिंग करून पेंट मारतो, डिकीचा डेंट ओढून पेंट, ६,५००. "लेकिन बंपर उतरे बिना पक्का नहीं बोलूंगा." हे वाक्य मी शेठला जसंच्या तसं कळवलं. साडेसहा ठरले, आतून काही निघालं तर तेही तुमच्याकडे. शेठने कुरकुर केली, "भाऊ, बंपरच्या आत काय निघणार?" तरी चार हजार लगेच यूपीआयने पाठवले.

बंपर उतरल्यावर एक ब्रॅकेट तुटलेलं आणि पार्किंग सेन्सरपैकी एक मेलेला. सेन्सर १,२००, ब्रॅकेट ४५०. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं, जागेवर तीन हजार घेऊन निघालो असतो तर बाकी सगळं माझ्याच खिशातून गेलं असतं. चाचांना व्हिडिओ काढायला लावला, शेठला पाठवला. एकूण ८,१५०. तो म्हणाला राउंड करा, आठ करा. केले.

उरलेले पैसे आल्यावर मेसेजमध्ये तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, रक्कम आणि "या नुकसानीबाबत आता एकमेकांकडे काही देणंघेणं नाही" असं लिहून दोघांनी ओके केलं. स्टॅम्प पेपरवर लिहा म्हणणारे भेटले, एवढ्या रकमेला मला गरज वाटली नाही. शेवटचा हप्ता देताना शेठने न विचारता टेम्पोच्या नव्या विम्याची पीडीएफ पाठवली. मी अंगठा पाठवला. मग कंपनीला ईमेल करून क्लेम मागे घेतला आणि "कोणतंही पेमेंट झालेलं नाही" असं उत्तर आलं ते सेव्ह करून ठेवलं.

काम कसं झालं म्हणाल तर वेल्डिंगचा सांधा शोधून सापडत नाही, पण गाडी मेटॅलिक ग्रे आहे आणि भर उन्हात बंपर आणि शेजारच्या पत्र्याच्या (क्वार्टर पॅनल) शेडमध्ये किंचित फरक दिसतो. नवीन बंपर हवाच असं ज्याला वाटतं त्याने वर्कशॉपलाच जावं, आणि समोरच्याकडून तेवढे पैसे आधी ठरवून घ्यावेत.

रिन्यूअलला ५० टक्के बोनस लागला. वाचलेल्या पैशांत या वेळी झीरो डेप परत घेतलं, एनसीबी प्रोटेक्टचंही विचारलं, एजंट म्हणाला घे, पण किती क्लेमपर्यंत चालतं ते तुझ्या कंपनीच्या कागदात वाच आधी, प्रत्येकाचं वेगळं असतं. तो कागद अजून वाचतोय, फॉन्ट फारच बारीक आहे.