डाळ न शिजणाऱ्या पाण्याची बिअर

लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनात फलाट वरच्या मजल्यावर आहेत. खाली आता दुकानं आहेत आणि पॅरिसच्या गाडीसाठी लागणाऱ्या रांगा. 1868 साली स्टेशन सुरू झालं तेव्हा मात्र हा सगळा खालचा भाग म्हणजे बिअरचं गोदाम होतं. वरचे रूळ पेलणारे लोखंडी खांब एकमेकांपासून किती लांब उभे करायचे, हे विल्यम बार्लो या अभियंत्याने बर्टन या बिअरच्या गावाहून येणाऱ्या पिंपांच्या मापावर ठरवलं. गाडीला अर्धा तास होता. मी त्या खांबांमधून दोनदा फिरून आलो, एका खांबाला हात लावून पाहिला, आणि मग वर जाऊन डर्बीची गाडी पकडली. ती पिंपं जिथून निघायची तिकडेच मी निघालो होतो.

डर्बीला माझा मामेभाऊ राहतो. स्टेशनवर घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "दादा, एवढ्या लांब येऊन लोक डोंगर बघतात, राजवाडे बघतात. तू बर्टनला जाऊन काय बघणार?"

"पाणी," मी म्हणालो.

त्याला हे लगेच कळलं, कारण आमचं आजोळ एकच. माण तालुक्यातलं. तिथे मळ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजायची नाही. आजी डाळीसाठी गावातल्या आडाचं पाणी वेगळं आणून ठेवायची. मळ्यातलं पाणी गुरांना आणि धुण्याला, आणि धुण्यातसुद्धा साबणाला फेस येत नसे. शाळेत त्याला 'दुष्फेन पाणी' म्हणायला शिकवलं. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींचं पाणी त्याच जातीचं आहे, किंबहुना त्याहून कडक. ट्रेंट नदीच्या खोऱ्यात वाळू आणि गोट्यांच्या थरांतून, आसपासच्या टेकड्यांतल्या जिप्समवरून झिरपत ते विहिरीत उतरतं. लिटरमागे 600 मिलिग्रॅमच्या पुढे सल्फेट. उकळलं तरी हे जडपण जात नाही. ज्या पाण्याला आमच्याकडे नावं ठेवतात, त्याच पाण्याने या गावाला जगभर नाव मिळवून दिलं.

कारण असं की या पाण्यातला कॅल्शियम माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, पाण्यात कालवलेल्या घाटाची आम्लता नेमकी राखतो आणि यीस्टला खाली बसायला मदत करतो, म्हणून बिअर नितळ होते. आणि सल्फेटमुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा जिभेवर चिकटून न राहता लख्ख, कोरडा उतरतो. लंडनचं पाणीही जड, पण त्याचं जडपण चुन्याचं. त्यात काळी, भाजक्या माल्टची पोर्टर चांगली व्हायची, फिकट बिअर नाही. बर्टनची ओळख म्हणजे 'पेल एल', फिकट बिअर. पण फिकट तरी कशाच्या मानाने? लाकडाच्या धगीवर वाळवलेल्या तपकिरी, धुरकट माल्टच्या मानाने. दगडी कोळशाचा कोक वापरून माल्ट मंद, बिनधुराचा वाळवता येऊ लागला तेव्हा ही तांबूस-सोनेरी बिअर शक्य झाली.

हिंदुस्थानचा संबंध इथे येतो आणि तो खरा आहे. आधी बर्टनची गोडसर, गडद बिअर हल बंदरातून रशियाला जायची. 1822 च्या सुमारास रशियाने जकात वाढवली आणि तो धंदा बसला. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून लंडनच्या हॉजसनची फिकट, हॉप्स भरपूर घातलेली बिअर मुंबई-कलकत्त्याला जात होती. बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला तिचा नमुना मिळाला आणि त्याच्या माणसाने तशी पहिली बिअर चहाच्या किटलीत करून पाहिली, असं सांगतात. किटलीची गोष्ट खरी असो वा नसो, बर्टनची फिकट बिअर हॉजसनच्या बिअरपेक्षा सरस निघाली हे खरं. पाठोपाठ बास उतरले. 1777 साली विल्यम बास यांनी सुरू केलेल्या या कंपनीचा लाल त्रिकोण हा 1 जानेवारी 1876 रोजी नोंदलेला ब्रिटनचा पहिला ट्रेडमार्क. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या 1882 च्या पॅरिसमधल्या बारच्या चित्रात शॅम्पेनच्या शेजारी तोच त्रिकोण असलेली बाटली उभी आहे.

डर्बीहून बर्टन गाडीने पंधरा मिनिटांवर. स्टेशनबाहेर पडलो आणि आधी वास आला: गरम, ओलसर, उकडलेल्या धान्याचा, त्यात मागून काहीतरी खारट. मोठे बिअर कारखाने अजून चालू आहेत, आणि त्यांच्या उरलेल्या यीस्टपासून मार्माइट करणारा कारखानाही 1902 पासून इथेच आहे. बिअरचं संग्रहालय मात्र 2022 मध्ये बंद झालं.

चांगल्याकडे वळण्याआधी वाईट सांगायला हवं, कारण पारख तिथूनच सुरू होते. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या एका गावातल्या पबमध्ये मी अर्धा पाइंट पेल एल घेतली होती. रंग मंद, जराशी गढूळ, आणि पहिल्या घोटालाच नाकात व्हिनेगर. खऱ्या एलचं पिंप जिवंत असतं. त्यात यीस्ट असतं, वरून वायू भरलेला नसतो. बिअर जसजशी ओतली जाते तसतशी आत हवा शिरते. उघडल्यावर साधारण तीन दिवसांत ते संपायला हवं. ते पिंप खूप दिवस रेंगाळलेलं होतं, त्यात बिअर करणाऱ्याचा काहीच दोष नव्हता. मी ग्लास परत नेला, नीट शब्दांत सांगितलं, आणि त्यांनी कुरकुर न करता दुसरी दिली. हे इथे चालतं, संकोच करू नये.

बर्टनमध्ये क्रॉस स्ट्रीटवर कूपर्स टॅव्हर्न आहे. मागच्या छोट्या खोलीत पिंपं आडवी मांडलेली, आणि बास थेट पिंपाच्या तोटीतून ग्लासात. हातपंप नाही, नळी नाही. लाकडी बाकं, दुपारचं तिरपं ऊन. "काय देऊ, डक?" असं ओतणाऱ्या बाईंनी विचारलं. या भागात अनोळखी माणसालाही प्रेमाने 'डक' म्हणतात. मी पूर्ण पाइंट घेतला, म्हणजे 568 मिलिलिटर. बास 4.4 टक्क्यांची, हिचा मालक आज बहुराष्ट्रीय कंपनी आहे, पण बनते अजून बर्टनमध्येच.

मी घाई केली नाही. आधी उजेडात धरली. कोऱ्या चहाचा रंग, तोही पातळ चहाचा, आणि पलीकडचं खिडकीचं गज स्पष्ट दिसावं इतकी नितळ. फेस जेमतेम बोटभर जाडीचाही नाही. तोटीतून ओतलेल्या बिअरला तो तेवढाच यायचा. थंडपणा तळघराचा, 12 अंशांच्या आसपास. माठातल्या पाण्यासारखा. बर्फगार बिअर पिणाऱ्यांना हे कोमट वाटतं, पण याहून थंड केली तर निम्मी चव मरते.

मग नाक. पहिला वास गंधकाचा. आगकाडी ओढल्यावर क्षणभर येतो तसा. ज्याला ठाऊक नाही तो याला बिघाड समजेल, पण हीच बर्टनच्या पाण्याची सही. मिनिटाभरात तो विरला आणि खालून बिस्किटाचा, किंचित सफरचंदाच्या सालीचा वास वर आला. घोट घेतला. सुरुवात गोडसर, मारी बिस्किट चहात बुडवल्यासारखी. मध्ये मातकट, पालापाचोळ्यासारखे इंग्रजी हॉप्स. अमेरिकी हॉप्ससारखी संत्र्या-आंब्यांची गर्दी नाही. आणि शेवट? तिथेच ते पाणी बोललं. कडवटपणा सरळ रेषेत उतरला आणि जीभ कोरडी, स्वच्छ करून गेला, कच्ची सुपारी चघळल्यावर तोंड होतं तसं. लगेच दुसरा घोट हवासा वाटला. माझ्या मते पेल एलची हीच खरी परीक्षा: पहिला घोट किती दणका देतो यापेक्षा तिसऱ्या घोटाची ओढ किती लागते.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट. पिंपातलं यीस्ट खाली बसवायला परंपरेने माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. पाळत असाल तर विचारून घ्या. न घालता केलेल्या, थोड्या धूसर बिअरही आता मिळतात.

शेजारच्या बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ होते. उमेदीची वर्षं बिअरच्या कारखान्यात गेलेली. त्यांनी बर्टन युनियनबद्दल सांगितलं: ओळीने जोडलेली ओकची मोठी पिंपं, त्यांतून हंसाच्या मानेसारख्या नळ्या वर गेलेल्या, उसळणारं यीस्ट त्या नळ्यांतून वरच्या पन्हाळीत पडतं आणि बिअर परत पिंपात उतरते. ही पद्धत 1838 पासूनची. शेवटपर्यंत ती बर्टनच्याच मार्स्टन्स या बिअर कारखान्याने चालवली आणि 2024 मध्ये थांबवली. एक संच डर्बीशरमधल्या बेकवेलच्या थॉर्नब्रिज या बिअर कारखान्याने नेऊन पुन्हा चालू केला. हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. एखाद्या गावचं शेवटचं तेलघाणं बंद पडल्याचं सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा होतो तसा. मलाही फार वाईट वाटलं.

मग त्यांनी माझ्या ग्लासाकडे पाहून विचारलं, "कशी वाटली?"

मी गंधकापासून सुपारीपर्यंत सगळं सांगितलं. सुपारी समजावायला वेळ लागला. ते म्हणाले, "पिंप काल संध्याकाळी उघडलंय. चांगलीच आहे, पण अजून थोडी कोवळी. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सकाळचं माझं लंडनचं तिकीट होतं. बाहेर येऊन मामेभावाला फोन केला. "दादा, राहा की," तो म्हणाला, "मीही येतो." तिकीट संध्याकाळच्या गाडीचं करून घेतलं.

दुपारी दोघं तिथे पोचलो. गंधक जवळजवळ गेलं होतं, सफरचंद पुढे आलं होतं, आणि तो कोरडा शेवट तसाच होता. मामेभावाने दोन घोट घेतले, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मळ्यातली विहीर."