आमची वाटचाल : फीत, रजिस्टर आणि ५०० मीटर

परमिट रूमच्या लायसन्सची कामं सुरू केली तेव्हा फर्मची मालमत्ता म्हणजे एक टेबल आणि ३० मीटरची फीत. परमिट रूम शाळा-देवळापासून ७५ मीटर तरी लांब हवी, आणि हे ७५ मीटर आकाशातून मोजत नाहीत. माणूस चालतो त्या वाटेनं, आपल्या दाराच्या मध्यापासून त्यांच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. तिसऱ्यांदा फीत टाकताना खडूची खूण सरकली की ७५ चे ७४ होतात आणि अर्ज तिथंच अडतो. म्हणून सगळं अंतर दोनदा, दोन माणसांनी मोजायचं.

पुढची वर्षं नूतनीकरणात गेली. ३१ मार्चच्या आत फीचं चलन भरायचं, बास.

मग १५ डिसेंबर २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: महामार्गाच्या, सर्व्हिस रोड असेल तर त्याच्याही कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नाही. १ एप्रिल २०१७ ला पश्चिम द्रुतगती मार्गालगतची आमच्या गिऱ्हाइकांचा धंदा बसला. किचन चालू, दारूच्या काउंटरला कुलूप. आमच्याच लाइनीतल्या एका गृहस्थांनी मालकांना मागच्या गल्लीत दार काढायला लावलं, म्हणे वाट लांबते. फी आगाऊ! भिंती फुटल्या, लायसन्स आलं नाही, वर मंजूर नकाशा आणि जागा जुळेनात. आम्ही ‘थांबा’ म्हणत होतो, म्हणून आम्हीच नालायक ठरलो. ते अजून सलतं. ११ जुलै २०१७ ला न्यायालयानंच खुलासा केला की पालिका हद्दीतल्या परवान्यांना तो आदेश आडवा येत नाही.

थांबले ते एकटे सर्व्हिस रोडवरचे अण्णा. त्यांचं दारूच्या साठ्याचं रजिस्टर आजही नव्या मुलांना दाखवतो. आरंभीची शिल्लक, आवक, विक्री, अखेरची शिल्लक, रोज, शाईनं. ७५० मिलीच्या बाटलीत ३० चे २५ पेग. पोऱ्यानं माप न वापरता हातानं ओतलं की २४ वरच बाटली रिकामी, आणि रजिस्टरात ३० मिली शिल्लक. तपासणीत नेमकं तेच सापडतं. माप बांधून ठेवा, दोरीनं.

विचारलं नाहीत तरी सांगतो. हॉलमध्ये पार्टीला दारू असेल तर एक दिवसाचं लायसन्स, म्हणजे एफएल-४ए, आधी काढा, माल परवानाधारक दुकानातूनच घ्या, बिलं जागेवर ठेवा. ड्यूटी-फ्रीची बाटली टेबलावर नको. बीअर-वाइनला २१, व्हिस्कीला २५ वर्षं पूर्ण. तिकीट लावून गाणं ठेवलंत तर पोलिसांकडचा कार्यक्रमाचा परवाना वेगळा, गाण्यांच्या हक्कांचे पैसे वेगळे. उघड्यावरचा स्पीकर रात्री १० ला बंद. १२ पर्यंतची सूट सरकारनं जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांपुरतीच. एफएल-४ए हातात आहे म्हणून स्पीकर चालत नाही, हे दर डिसेंबरात कुणाला तरी नव्यानं सांगावं लागतं.