आत्या बोलतेय, तुम्ही थांबा जरा

मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून म्हाताऱ्या माणसांसमोर बसायचा नाद मला लागलाय हे सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यात आता सगळ्यांना माहितीय, आणि "त्यांना तारखा तरी धड आठवतात का रे?" हे पण ऐकून ऐकून पाठ झालंय.

आता तारखा धड असलेल्या कागदाचं बघा. खानापूर, तासगाव, वाळवा हे सगळं १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात, मग दक्षिण सातारा, आणि १९६० ला सांगली हे नाव पडलं, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीचं दप्तर बघायचं तर साताऱ्याच्या नावाखालीच. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं, म्हणजे भूमिगतांच्या लढाऊ दलानं, शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, ती इंग्रजांच्या लेखी सरळ दरोडा, विषय संपला. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी या चळवळीतल्या पुढाऱ्यांबद्दल नंतर आपल्या लोकांनी लिहिलं, बरंच झालं. पण मध्यरात्री दारात आलेल्या दहा-बारा भूमिगतांच्या भाकऱ्या कुणी थापल्या? स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनसाठी तुरुंगात होता नाहीतर भूमिगत होता याचा पुरावा लागायचा, भाकरी थापल्याचं सर्टिफिकेट कोण देणार!

तर आत्या. तिच्याकडं गेलो ते बहात्तरच्या दुष्काळाचं विचारायला. प्रश्न तिला, उत्तर तिचा पोरगा देतोय, "तिला काय म्हाईत, मी सांगतो की", आणि मग सरकारनं काय केलं, पुढारी कोण होते असं पेपरात आलेलंच सगळं. हे प्रत्येक घरात होतं. त्याला चहाला पिटाळलं, आणि "दुष्काळ कसा होता" हे विचारायचं सोडून म्हणलं, आत्या, भाकरी कसली खायचा गं? मग सुरू झाली. परदेशातनं आलेली लाल मिलो ज्वारी, भाकरी थापायला घेतली की कडंनं फाटायची, म्हणून गरम पाण्यात पीठ मळायचं, तरी पोरं तोंड फिरवायची. दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे खायला कोरडा खाऊ, मिळायची, त्यातली निम्मी पदराला बांधून घरी आणायची. खडी फोडताना डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, कारण हातोडी चुकली तर डावाच हात जाणार. आणि पाटलीणबाई पण शेजारी बसून खडी फोडत होत्या, हे सांगताना आत्याचा आवाज बदलला, रेकॉर्डिंगमध्ये अगदी कळतंय. वाईट वाटत होतं का बरं वाटत होतं? मला वाटतं दोन्ही. कामाच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, दोघींची नावं असतीलही, पण हे कुठल्या मस्टरवर सापडणार?

तारखा चुकतात, मान्य. त्याला आमच्याकडं खुंटी आहे, "भूकंपाच्या आधी का नंतर" असं विचारायचं, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे अंथरुणातनं उठून पळालेली माणसं तो विसरत नाहीत. पण कधीकधी चूकच कामाची असते. इटलीत तेर्नी म्हणून पोलाद कारखान्याचं गाव आहे, तिथं लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ ला नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या हातून मेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं नंतर लोकांना बोलतं केलं तर बऱ्याच जणांनी तो १९५३ ला, कामगारकपातीविरुद्धच्या राड्यात मेला म्हणून सांगितलं. पोर्तेल्ली काय म्हणतात, की गावाची खरी जखम नोकऱ्या गेल्या ती होती, म्हणून लोकांनी तो मृत्यू नकळत तिकडं नेऊन ठेवला. त्रास्तुल्ली कधी मेला हे कागदावरनं कळतंच, पण गावाला कशाचा जास्त चटका बसला हे या चुकीतनंच कळतं. अर्थात म्हणून म्हातारा सांगेल ते सगळं खरं असं नाही हं, ताडून बघावंच लागतं, आणि नेत्याच्या मांडीला मांडी लावून बसलेले तर प्रत्येक गावात डझनभर भेटतात.

गप्प बसणं पण ऐकायला लागतं. गांधीहत्येनंतर १९४८ ला आपल्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली. ते विचारलं तर वाडा कुणाचा होता, चौक केवढा, आत आड कुठं होता, कुटुंब पुढं पुण्याला गेलं, सगळं बारीकसारीक सांगतात. जाळला कुणी? "बाहेरची माणसं आलती." पलीकडच्या गावात विचारलं तरी हेच, बाहेरचीच. मग ही माणसं होती तरी कुठली? इथं मी रेटत नाही. रेकॉर्डर बंद कर म्हणलं की बंद करतो, आणि बंद केल्यावर जे ऐकलं ते इथं लिहिणार नाही.

सध्या डोक्यात गलाईवाले आहेत. आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, घरटी एकतरी बाहेर, आणि पहिल्या पिढीतले आता फार थोडे उरलेत. त्यांना भट्टीचं विचारायचंय, डोळ्यांचं, ॲसिडच्या धुराचं, पहिल्यांदा परक्या गावात उतरल्यावर जेवायला काय मागितलं आणि कुठल्या भाषेत मागितलं याचं. दिवाळीला गावी आले की गाठायचं ठरवलंय, फक्त त्यांची पोरं घरात नसतील अशी वेळ बघून.