त्याला गाठायचंच होतं

आज परत रस्त्यावर डोकं फिरलं. संध्याकाळचे सहा वाजलेले, ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच, सोलापुरात सात रस्त्यावरनं होटगी रोडनं आसरा चौकाकडं चाललो होतो तर एक पांढरी कार इंडिकेटर न देता अशी आत घुसली की ब्रेक मारून माझी गाडी निम्मी वाकडी झाली. तोंडातनं निघालंच, "का बे, दिसंना का?" त्यानं काच वर केली. बस्स. कट मारल्याचं एवढं नाही वाटलं, पण ती काच वर जाताना बघितली आणि टाळकंच सटकलं.

मग पाठलाग. हो, 41 वर्षांचा माणूस, डिकीत शेंगा चटणी आणि पोरीचं खोकल्याचं औषध, आणि असा निघालो की जणू त्यानं माझी जमीनच लाटलीय. त्या नादात लाल सिग्नल तोडला. एक आजी पट्ट्यावर पाय टाकत होत्या, दचकून मागं सरल्या. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून सिग्नल तोडणं कलम 184 मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरतात, पहिल्याच वेळेला 1000 ते 5000 दंड नाहीतर जेल, हे ऑफिसात सगळ्यांना मीच सांगत फिरतो.

गाठला शेवटी, पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबलेला. खाली उतरला तर माझ्या वडलांच्या वयाचा माणूस, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. हेल्मेटमुळं मला ओळखलं नसावं, म्हणाला, "भाऊ, घाई असंल तर तुम्ही भरा आधी." आणि माझ्या तोंडातनं काय निघावं? "नको काका, घ्या तुम्ही."

पाच मिनिटांपूर्वी बे, आता काका.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघतात तेव्हा किती गर्दी असते, लोक पायावर पाय देतात, कोपर बरगडीत बसतं, तरी "सरका की मालक" एवढंच म्हणतो आपण आणि समोरचा हसून सरकतो पण. तिथं माणसाचं तोंड दिसतं. गाडीवर नुसती नंबर प्लेट, आणि हॉर्नला काही "चुकलं मालक" म्हणता येत नाही.

हवा न भरताच निघालो. घरी बायको म्हणाली एवढा उशीर कसा काय, म्हणलो ट्रॅफिक लई होतं. आजींचं काही सांगितलं नाही.