गच्चीवरचा बायोगॅस आणि रसवंतीची चिपाडं: गणपती ते शिमगा अपडेट

बऱ्याच जणांनी विचारलं की आमच्या गच्चीवरच्या, खरकट्यापासून स्वयंपाकाचा गॅस करणाऱ्या टाकीचं पुढे काय झालं, चालू आहे की भंगारात गेली. तर चालू आहे, मधे एकदा चांगली आजारी पडली होती पण आता ठणठणीत आहे. गणपतीपासूनचं सगळं एकदाच लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

नवीन मंडळींसाठी आधी सेटअप. एक हजार लिटरची टाकी आणि तिच्यात उपडी घातलेली थोडी लहान टाकी. खालच्या टाकीत खरकटं आणि पाणी, वरच्या उपड्या टाकीत गॅस साठतो आणि साठेल तशी ती वर उचलली जाते, म्हणजे आज गॅस किती आहे ते गच्चीच्या दारातूनच कळतं, मीटरबिटर काही नको. डिझाइन आपल्या पुण्याच्याच आरती (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) संस्थेचं, डॉ. आनंद कर्व्यांचं, यासाठी २००६ ला त्यांना शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. तरंगती टाकी ही कल्पना तशी जुनीच, जशभाई पटेलांनी १९५१ च्या सुमारास शेणाच्या प्लांटसाठी ती वापरली होती, आणि आपल्याकडे मैल्यावर गॅस तर १८९७ लाच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात केला होता. कर्व्यांचं म्हणणं वेगळं असं की शेण म्हणजे गाईने आधीच सार काढून घेतलेला चोथा, त्यात जंतूंच्या वाट्याला उरतं किती, त्यापेक्षा पीठ, भात, पोळी असं पिष्टमय थेट घाला. त्यामुळेच तर हे प्रकरण फ्लॅटमध्ये जमतं, नाहीतर रोज पाट्या भरून शेण आणायचं कुठून सहकारनगरात.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते कारण कोणी बोलत नाही. भरलेली टाकी टनभर वजनाची होते आणि बूड असतं जेमतेम एक चौरस मीटर. वापरायच्या गच्चीचा स्लॅब बांधकामाच्या कोडप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो चालत्याबोलत्या वजनासाठी धरतात. तेव्हा गच्चीच्या मधोमध टाकी ठेवू नका म्हणजे नका. आम्ही इंजिनियरला बोलावून, खाली कॉलम येतो त्या कोपऱ्यात, बीमवर वजन जाईल असा लोखंडी स्टँड करून घेतला आणि मगच पाणी भरलं.

आता आजारपण. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोकणात गेलो, सासूबाई घरी होत्या आणि खरकटं टाकायचं काम खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हौसेने घेतलं होतं. त्या चार दिवसांत इमारतीतल्या सगळ्या घरांचा उरलेला भात, पुरण, मोदकाची उकड, कटाची आमटी, सगळं टाकीत गेलं. परत आलो तर टाकी टम्म वर आलेली, सासूबाई खूश की केवढा गॅस झालाय, आणि शेगडीला काडी लावली तर भक्‌ करून विझते. परत लावा, परत विझते. आंबलेल्या ताकासारखा वास, पीएच पट्टी (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली.

होतं असं की टाकीत दोन जातीचे जंतू असतात. एक पिष्टाचं आम्ल करणारे, ते भराभर वाढतात आणि खातात. दुसरे त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे पेटणारा वायू, करणारे, त्यांची वाढ फार सावकाश. एकदम खूप खाऊ घातलं की पहिले सुटतात, आम्ल साठत जातं आणि दुसऱ्यांचं काम बंद पडतं, मग टाकीत येतो तो बराचसा नुसता कार्बन डायऑक्साईड, तो पेटणार कसा. पीएच ६.८ ते ७.४ च्या दरम्यान हवा. उपाय एकच, उपास. विसर्जनापासून सर्वपित्री अमावस्येपर्यंत टाकीला कण घातला नाही, चुन्याची निवळी थोडी थोडी करून घातली (एकदम ओतायची नाही), आणि गोठ्यातून ताजं शेण आणून बादलीभर कालवून सोडलं म्हणजे मिथेनवाल्यांची कुमक आली. घटाला पहिल्यांदा निळी ज्योत परत धरली. काकूंना अजून वाईट वाटतं, मी म्हटलं अहो काकू, पंक्तीला वाढायचा हात तुमचा, टाकीने नाही कसं म्हणायचं.

तेव्हापासून टाकीवर खडूने लिहूनच ठेवलंय. रोज दीड ते दोन किलो, त्याच्यावर नाही. मोसंबी-संत्र्याची सालं नाहीत, त्यातलं तेल जंतूंना चालत नाही. अंड्याची टरफलं आणि कोयी नाहीत. चहाचा चोथा बागेत. गावाला जायचं असेल तर आधीचे दोन-तीन दिवस खायला बंद, कारण टाकी भरली की जादाचा गॅस कडेच्या फटीतून बुडबुडे येऊन हवेत जातो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडच्या २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटीच्या आसपास पृथ्वी तापवतो. तो जाळायचा, सोडायचा नाही, नाहीतर हा सगळा खटाटोप उलटाच. आणि हो, दोन टाक्यांच्या मधल्या फटीत डास होतात, मी जुन्या मच्छरदाणीची पट्टी गोल शिवून इलॅस्टिक लावून बसवलीय, मस्त चाललंय.

थंडीत गॅस निम्म्यावर आला. जंतूंना पस्तिशीच्या आसपास तापमान आवडतं, आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री दहाच्या खाली उतरतो. ऑक्टोबर हीटमध्ये टाकीतलं पाणी ३१ पर्यंत होतं, जानेवारीत सकाळी १९. दोन गोष्टी केल्या. खरकटं मिक्सरला फिरवताना सोलर हीटरचं दुपारचं पाणी घ्यायला लागले, कोमट, कढत नाही. आणि टाकीभोवती वाळक्या चिपाडांची पोती रचली, गोधडीसारखी. याने दोन-तीन अंश वाढले असतील, चमत्कार काही नाही. छोटा बर्नर ऑक्टोबरात पाऊण तास चालायचा तो जानेवारीत पंचवीस मिनिटांवर आला, आता मार्चमध्ये परत वर चढतोय. पोळ्यांच्या वेळेला उपड्या टाकीवर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवते, प्रेशर वाढतं. तरी सासूबाईंचा शेरा ठरलेला, "फुलका फुगायला जोर लागतो गं, याच्यावर वरणच शिजव." बरोबरच आहे त्यांचं, वरण-भात आणि चहा इतपतच.

आता ज्या हिशोबावरून घरात दर महिन्याला वाद होतो तो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजी. स्वयंपाकघरातलं खरकटं सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं, त्यामुळे किलोला शंभर लिटरच्या आसपास गॅस मिळाला तरी खूप. म्हणजे रोजचा दोनशे लिटर धरला, जो थंडीत मिळत नाही, तर नव्वद ग्रॅम एलपीजी. वर्षाला फार फार तर दोन सिलिंडर. दोन टाक्या, पाईप, कॉक, भोकं मोठी करून घेतलेली शेगडी, लोखंडी स्टँड हा सगळा खर्च दोन सिलिंडरच्या हिशोबाने फिटायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच बघा. सिलिंडर वाचवायला म्हणून कोणी हे करणार असेल तर मी सरळ सांगते, नका करू, निराश व्हाल. मिळकत करात सवलत मिळालीच तरी तीही काही फार मोठी रक्कम नव्हे.

माझ्या मते गॅस हा जोडधंदा आहे. खरी कमाई म्हणजे स्लरी, रोज जेवढं घालतो तेवढंच दुसऱ्या पाईपातून बाहेर पडणारं ते करडं पाणी. आणि ती स्लरी एकटी नाही, चिपाडांबरोबर. इथे थोडी सविस्तर लिहिते कारण यंदा सगळ्यात जास्त मजा यातच आली.

संक्रांतीपासून रसवंत्या जोरात सुरू होतात. आमच्या कोपऱ्यावरच्या रसवाल्या काकांकडे संध्याकाळपर्यंत चिपाडांचा ढीग होतो, त्यांना तो उचलून न्यायला कोणीतरी हवंच असतं, पोतं घेऊन गेलं की वर अर्धा ग्लास रस पण देतात. पण चिपाड तसंच कुंडीत घातलं तर दोन भानगडी. एक म्हणजे उरलेली साखर, लाल मुंग्या आणि गांधीलमाशा तासाभरात हजर. दुसरी म्हणजे चिपाडात कार्बन भरमसाठ आणि नत्र नावाला, एका भाग नत्राला कार्बनचं प्रमाण शंभराच्याही वर जातं. कुजायला पंचवीस-तीस हवं. मग कुजवणारे जंतू आजूबाजूच्या मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात, लोक म्हणतात चिपाडाने बाग बसली.

मी काय करते, चिपाडं कोयत्याने वीतभर तुकडे करून रात्रभर टबात भिजवते. ते गोड पाणी गाळून टाकीत, पण मगभरच, साखर म्हणजे आम्लवाल्यांची मेजवानी, गौरीचा प्रसंग लक्षात आहे. भिजलेली चिपाडं मंडईतल्या फळांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, क्रेटला आतून जुनी शेडनेट. तळाला नारळाच्या शेंड्या, मग चार बोटं चिपाड, त्यावर स्लरी न पातळ करता, मूठभर जुनी माती, वाळका पाला, परत चिपाड, असं काठोकाठ. स्लरीत नत्र बरंचसं अमोनियाच्या रूपात तयारच असतं आणि चिपाडाला तेच हवं असतं. तिसऱ्या दिवशी हात घातला तर चटका बसतो, थर्मामीटर ५५ दाखवत होता. आठवड्याला एकदा उलटं करायचं, कोरडं वाटलं तर परत स्लरी. ढीग खाली बसत बसत एक तृतीयांश राहतो, मग हातात घेतलं की काळं, भुसभुशीत, दाबलं तर पाणी सुटतं आणि सोडलं तर परत फुगतं. पावसानंतरच्या जंगलातल्या जमिनीचा वास येतो. काही जाड तुकडे तसेच राहतात, ते मी मुद्दाम ठेवते, मुळांना हवा मिळते.

आणि वजन! लाल माती ओली झाली की एका घनमीटरला पावणेदोन टनाच्या घरात जाते, गच्चीवर वीतभर थर घातला तरी तो दीडशे किलोचा आकडा ओलांडतो. चिपाडाची क्रेट मी एकटी उचलून उन्हातून सावलीत नेते. शिवाय पाणी धरून ठेवते, गेल्या उन्हाळ्यात मातीच्या कुंड्यांना दोन वेळा पाणी लागत होतं तेव्हा चिपाडाच्या क्रेटना एकदाच पुरलं, वर आच्छादन असेल तर.

झाडांना द्यायची स्लरी मात्र आठ-दहा पट पाण्यात पातळ करूनच आणि संध्याकाळीच. भर उन्हात नको, पानांवर तर अजिबात नको, कोवळी मेथी करपते.

बागेत सध्या काय आहे ते पटापट. टोमॅटो संपत आले, दिवस पस्तिशीच्या वर आणि रात्री गरम राहिल्या की फुलातले परागकण निकामी होतात, फूल येतं आणि गळतं, कितीही खत घाला. आता मी ते सप्टेंबरातच लावते म्हणजे फळ थंडीत धरतं, आणि मार्चमध्ये वाईट वाटून घेत नाही. चाकवत आणि चुका झाला. वांगी मस्त. दुधी आणि दोडक्याला फळमाशीसाठी क्यू ल्युअर या आमिषाचा सापळा लावलाय, आंब्याच्या फळमाशीचं आमिष मिथाइल युजेनॉल आणून या वेलांवर लावू नका, ती माशी वेगळी. उन्हाळ्यासाठी अंबाडी, मायाळू, चवळी, गवार, भेंडी, हे पाच जण ऊन सोसतात. बाकीच्यांवर पांढरी पन्नास टक्के शेडनेट.

पेरणीचं वेळापत्रक मात्र मी पार मोडीत काढलंय. आमच्या आईकडे अक्षय्य तृतीयेला आळं करून वेल लावायचे, मृगाला भाजीपाला, असं ठरलेलं असायचं. २०२५ ला मान्सून २६ मे लाच मुंबई-पुण्यात पोचला, मे महिनाभर आधी वळीव झोडपत होताच, आणि ज्यांनी कॅलेंडर बघून बी टाकलं त्यांचं वाहून गेलं. आता मी एकाच भाजीचं बी तीन हप्त्यांत टाकते, दोन आठवड्यांच्या अंतराने, एखादा हप्ता गेला तरी दोन राहतात. आणि तयार चिपाड खत पोत्यात झाकून कायम शिल्लक ठेवते, पावसाने क्रेट धुऊन निघाली की वर लगेच नवा थर.

पुढचं काम म्हणजे स्लरी गाळायची सोय, ठिबकच्या नळ्या दर पंधरवड्याला तुंबतात. साडीच्या कपड्यातून गाळून बघितलं, चालतं पण वेळ फार जातो आणि हाताचा वास दिवसभर जात नाही. कोणी वाळू-खडीचा फिल्टर करून बघितला असेल तर खडीचा आकार आणि थर किती ते सांगा, एप्रिलच्या आत बसवायचाय. आणि सहकारनगर-पद्मावतीच्या बाजूला कोणाला टाकी सुरू करायची असेल तर विरजणाला बादलीभर चालू स्लरी माझ्याकडून घेऊन जा, झाकणाची बादली तुमची आणा, रिक्षावाले उघडी बादली घेत नाहीत.